बिबट्या कुठल्या गोलात

नववीत जाईपर्यंत वल्लरीचा आवाज वर्गात कुणी धड ऐकलेला नव्हता. हजेरीला ती "येस सर" म्हणायची, तेही शेजारच्या संजीवनीनंच म्हटल्यासारखं वाटायचं. नाव घेऊन उठवलं की ती उठायची, पायाच्या अंगठ्याकडं बघत राहायची आणि सर कंटाळून "बस" म्हणाले की बसायची. सर कंटाळतातच, असा तिचा अनुभव होता.

अनय सर कंटाळले नाहीत. तिथून सगळी गडबड सुरू झाली.

अनय सर म्हणजे बी.एड.चे सर. बारामतीच्या कॉलेजातनं दरवर्षी असे एक-दोन जण अंथुर्ण्याच्या शाळेत येतात, शिकवायचं कसं ते शिकायला. पोरं त्यांना 'पाठवाले' म्हणतात, कारण बाकीचे सर तास घेतात आणि हे पाठ घेतात. पाठवाल्यांचं एक बरं असतं. त्यांना मारायची परवानगी नसते आणि ओरडायचं कसं हे बहुतेक त्यांच्या पुस्तकात शेवटच्या धड्यात असावं, कारण तोवर ते परत जातात. त्यामुळं पाठवाले आले की वर्ग यात्रेला निघाल्यासारखा खूश असतो.

पण अनय सरांनी पहिल्याच आठवड्यात वर्गाची पार करमणूक काढून घेतली आणि स्वतःची सुरू केली. खिडकीच्या गजापासून नकाशाच्या खिळ्यापर्यंत त्यांनी एक सुतळी बांधली, कपड्यांचे चिमटे आणले आणि म्हणाले, शब्द वाळत घालू. एकाच अर्थाचे वाटणारे शब्द चिठ्ठ्यांवर लिहायचे आणि सौम्य शब्दापासून जहाल शब्दापर्यंत ओळीनं लावायचे. पहिल्या दिवशी लाजण्याचे शब्द होते. वल्लरीच्या वाट्याला 'ओशाळणं' आलं. तिनं गुपचूप जाऊन ते 'लाजणं'च्या पुढं लावलं आणि परत येऊन बसली. तेवढ्यात ऋषिराज उठला, तिची चिठ्ठी काढली आणि पार लांब 'शरमेनं मान खाली जाणं'च्या पलीकडं नेऊन लावली.

ऋषिराज म्हणजे भिंतीकडच्या रांगेत बसणाऱ्या अंथुर्ण्याच्या पोरांचा सरदार. त्याचं कुणी काढून लावायचं नाही, असा अलिखित नियम होता. वल्लरी उठली आणि तिनं ती चिठ्ठी होती तिथं परत आणून लावली.

"का?" सरांनी विचारलं.

वल्लरीनं अंगठ्याकडं पाहिलं. सर थांबले. वर्ग थांबला. सर थांबलेलेच. शेवटी तिलाच कंटाळा आला.

"लाजायला चूक करावी लागत न्हाय, सर," ती म्हणाली. "ओशाळायला करावी लागती. पर लहानशी."

सरांनी फक्त "पुढं?" एवढंच विचारलं आणि वल्लरी पुढं बोलली ती बोलतच सुटली. त्या दिवसापासून तिचं तोंड मिटलं नाही. तिची आई शेजारणीला सांगायची, की पोरगी बोलत नव्हती तेव्हा देवाला नारळ बोलले होते, आता दुसरा बोलायचा का, हा विचार चाललाय.

सुतळी झाली, मग गोल आले. ऋषिराजच्या रानातली ठिबकची जुनी नळी आणून सरांनी तिचे दोन मोठे गोल केले आणि एकावर एक थोडे चढवून फरशीवर मांडले. एका गोलात म्हैस, दुसऱ्यात गाय. म्हशीचं म्हशीच्या गोलात, गाईचं गाईच्या, आणि दोघींचं मिळून असेल ते मधल्या, दोन्ही गोलांच्या वाट्याच्या जागेत. वर्गातलं एक पोरगं म्हणालं, म्हैस काळी असते आणि जर्सी जास्त दूध देते. सर म्हणाले, ही तुलना नाही, ह्या दोन वेगवेगळ्या बातम्या आहेत. रंगाचं बोलायचं तर दोघींच्या रंगाचं बोला, दुधाचं तर दोघींच्या दुधाचं.

वहीत टिपणं काढायची त्यांची तऱ्हा आणखी निराळी. पानाला उभी घडी. उजवीकडं गोष्ट आणि डावीकडं ती कुठून कळली ते. सर बोलतील ते सगळं उतरवायचं नाही, हे सांगायला त्यांना दोन दिवस लागले, कारण ऋषिराजच्या वहीत "सर खोकले" असंही लिहिलेलं सापडलं होतं. डावीकडं "स्वतः ऐकलं" असं.

असे हे अनय सर, एरवी पाण्यातल्या माशासारखे. पण मागच्या बाकावर निरीक्षक येऊन बसले, की मासा फरशीवर. बारामतीहून त्यांच्या कॉलेजच्या सरोजिनी मॅडम पाठ तपासायला यायच्या. पहिल्या वेळी सरांनी फळ्यावर तारीख लिहिली, पुसली, परत लिहिली, आणि तारखेवरच बराच वेळ गेला. दुसऱ्या वेळी मॅडमकडं बघून वर्गच गप्प झाला. सरांनी प्रश्न विचारले, स्वतःच उत्तरं दिली आणि स्वतःलाच "शाबास" म्हणाले.

आता तिसरा पाठ शेवटचा. आदल्या आठवड्यात हेडसर व्हरांड्यात सरांना सांगत होते, की हा पाठ पडला तर मॅडम इंटर्नशिप मान्य करणार नाहीत, मग पुढच्या वर्षी सगळं पहिल्यापासून. हेडसर हळू आवाजात बोलत होते. पण त्यांचा हळू आवाज दोन वर्गांना पुरतो. खिडकी उघडी होती. सगळ्या नववीनं ऐकलं. सर आत आले तेव्हा हसत होते, पण लिहिताना त्यांच्या हातातला खडू मोडला.

वल्लरीनं तिथल्या तिथं ठरवलं. सर नापास होणार नाहीत. ज्या माणसामुळं आपल्याला आवाज फुटला, त्याची वाचा जायच्या वेळेला आपण नुसतं बघत बसायचं, हे काही खरं नव्हतं.

मग तिनं तालीम घेतली. पाठाचा विषय सरांनी आधीच सांगून ठेवला होता : विहीर आणि शेततळं. खेळाच्या तासाला वल्लरीनं वर्ग चिंचेखाली गोळा केला आणि कोण काय बोलणार ते वाटून दिलं. विहीर खोल असते हे संजीवनीनं म्हणायचं. शेततळ्याला खाली कागद अंथरावा लागतो हे माऊलीनं. विहिरीला झरे असतात, शेततळ्यात बाहेरनं पाणी भरतात, विहिरीत पोहायला शिकतात आणि शेततळ्यात उतरायला बंदी असते, असं एकेकाला एकेक. ऋषिराजला तिनं सगळ्यात सोपं आणि सगळ्यात शेवटचं दिलं : "दोन्हीत पाणी असतं." ऋषिराज म्हणाला, हे तर माझ्या धाकट्या भावालाबी येतं. वल्लरी म्हणाली, म्हणूनच तुला दिलं. त्यावर बरीच वादावादी झाली, पण सरांसाठी म्हणून तो तयार झाला. आठवडाभर तालीम चालली. पोरांना उत्तरं इतकी पाठ झाली, की प्रश्नाची कुणाला गरजच उरली नाही.

आणि नेमकं तेच झालं.

सरोजिनी मॅडम मागच्या बाकावर बसल्या, मांडीवर फाइल, हातात पेन. सरांनी गोल मांडले. घसा साफ केला आणि म्हणाले, "आज आपण..."

ऋषिराज ताडकन उभा राहिला. "दोन्हीत पाणी असतं, सर."

सरांनी अजून विषयही सांगितला नव्हता.

आता इथं सगळ्यांनी गप्प बसायला हवं होतं. पण ऋषिराज बोलला म्हणजे आपला नंबर हुकला, असं माऊलीला वाटलं. तो उठला आणि कागद अंथरून बसला. मग झरेवाली उठली. मग पोहणारा उठला. संजीवनी "विहीर खोल असते" असं म्हणाली ते रडकुंडीला येऊन, कारण तिला कळत होतं, पण थांबवता येत नव्हतं. बघता बघता अख्खा पाठ एकामागून एक उभा राहिला आणि बसला. सर हातात कोऱ्या चिठ्ठ्या घेऊन तसेच. एकही प्रश्न न विचारता पाठ संपला होता.

मॅडमनी पेनाला टोपण लावलं. त्या टोपणाचा 'टक' असा आवाज अख्ख्या वर्गाला ऐकू आला.

"छान पाठांतर आहे," मॅडम शांतपणे म्हणाल्या. "पण मला ह्यांना विचार करताना बघायचंय, अनय. ज्याची तयारी झालेली नाही असा एखादा विषय घ्या. तास बराच उरलाय."

सरांनी हातातल्या चिठ्ठ्या उलट्यासुलट्या केल्या. ते गोलांकडं बघत होते, जणू ती त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलेली वस्तू होती. वल्लरीला वाटलं, आपण सरांना मदत केली नाही, त्यांच्या पायाखालची फरशी काढून घेतली. आणि आता कुणीतरी काहीतरी बोललं पाहिजे, आणि ते कुणीतरी दुसरं असेल असं काही दिसत नव्हतं.

ती उभी राहिली. "सर, अंथुर्णे आन् शेळगाव घेऊ?"

वर्गात एकदम चुळबुळ झाली. हा एकच विषय सरांनी इतके दिवस टाळला होता. कारण उघड होतं. भिंतीकडच्या रांगेत अंथुर्ण्याची पोरं बसायची, खिडकीकडच्या रांगेत शेळगावहून सायकलवर येणारी, आणि मधली वाट म्हणजे सरहद्द. वल्लरी शेळगावची. ऋषिराज अंथुर्ण्याचा. सरांनी मान हलवली. हो म्हणायला हलवली की नुसतीच हलली, ते कळलं नाही, पण वल्लरीनं ती हो धरली आणि खडू घेऊन फळ्याशी गेली.

पुढची काही मिनिटं कुणाचंच काही कळेना. आमच्यात शाळा हाय, असं भिंतीकडून आलं. शाळा तुमच्यात असली तरी पहिला नंबर आमच्यातला, असं खिडकीकडून. आमच्यात दवाखाना, तर आमच्यातली माणसं आजारीच पडत न्हाईत. वल्लरीनं फळ्यावर डस्टर आपटलं.

"एका येळंला एकच बाब घ्या," ती म्हणाली. "शाळा आन् नंबर ह्या दोन बातम्या झाल्या. आधी पाणी सांगा. दोन्हीकडचं."

पाणी कालव्याचं. दोन्हीकडं. संजीवनीनं चिठ्ठी लिहून मधल्या जागेत टाकली. मग शेतीची लाइट : रात्रीचीच येते. दोन्हीकडं. मध्ये. डास, मध्ये. उसाच्या ट्रॉल्या, त्यांच्यावरची गाणी, गाण्यांचा आवाज, तिन्ही मध्ये. तक्रारींची नुसती रीघ लागली आणि दोन्ही रांगा पहिल्यांदाच एकमेकींना "व्हय व्हय" म्हणायला लागल्या. मधली जागा भरून चिठ्ठ्या एकमेकींवर चढल्या, आणि दोन्हीकडचे गोल मोकळे राहिले.

ऋषिराजला हे काही सहन होईना. समदं मधीच गेलं तर आमच्या गावाला काय राह्यलं, असं म्हणत त्यानं चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात 'बिबट्या' लिहिलं आणि अंथुर्ण्याच्या गोलात दाणकन ठेवलं.

शेळगावची रांग उभीच राहिली. बिबट्या म्हणजे सध्या दोन्ही गावांचा मान होता. उसात बिबट्या आलाय हे सगळ्यांना माहीत होतं. पण कुणाच्या उसात, ह्यावरून पारावर, डेअरीवर, दळणाच्या गिरणीत मोठी माणसंसुद्धा भांडायची. ज्याच्या गावात बिबट्या, त्या गावात वनखात्याची गाडी, पिंजरा, मोबाइलवर फोटो. बिबट्या असा फुकट कोण सोडून देईल?

"आमच्याच उसात हाय," ऋषिराज म्हणाला. "मी पाह्यलाय."

हे तो गेले दोन आठवडे सांगत होता. दर सांगण्यात बिबट्या वीतभर लांब व्हायचा. वल्लरीनं फळ्यावर उभी रेघ मारली. उजवीकडं लिहिलं : बिबट्या. मग खडू डावीकडं नेला.

"कुठून कळलं लिवू? पाह्यला?"

"पाह्यला."

"काय पाह्यलं? तोंड का शेपूट?"

कुणीतरी फिसकन हसलं. ऋषिराजचे कान लाल झाले. आणि मग वल्लरीच्या लक्षात आलं, की तो खाली बघतोय. पायाच्या अंगठ्याकडं.

ती जागा तिच्या ओळखीची होती. तिथं किती वेळ उभं राहता येतं आणि तिथून वर बघायला किती जड जातं, हे तिच्याइतकं वर्गात कुणालाच ठाऊक नव्हतं. आणखी एक प्रश्न विचारला असता, तर अंथुर्ण्याचा सरदार वर्षभर मान वर करू शकला नसता. प्रश्न तिच्या जिभेवर तयार होता. फार छान प्रश्न होता तो. तिनं तो गिळला.

"थांब," ती म्हणाली. "पाह्यला आन् ऐकला, ह्याच्या मधी लई जागा हाय."

तिनं सुतळीवरच्या जुन्या चिठ्ठ्या काढल्या. एका टोकाला 'पाहिला' लावलं, दुसऱ्या टोकाला 'ऐकलं'. मध्ये काय काय बसतं, ते तिनं वर्गाला विचारलं. माऊली म्हणाला, ओझरता दिसला. संजीवनी म्हणाली, भास झाला. कुणी म्हणालं, संशय आला. मागून कुणीतरी हळूच म्हणालं, चाहूल लागली. चिठ्ठ्या लागत गेल्या, जागा बदलत गेल्या, 'भास' आधी की 'चाहूल' ह्यावर जोरात वाद झाला आणि शेवटी ठरलं, की चाहुलीला खरंच काहीतरी असावं लागतं, भासाला नसलं तरी चालतं.

"आता सांग, तू कुठं?" वल्लरीनं ऋषिराजला विचारलं.

तो सुतळीपाशी आला. मग 'चाहूल लागली' ह्या चिठ्ठीला त्यानं बोट लावलं.

"आबासंगं मोटर चालू कराया गेलतो," तो म्हणाला. "वारं न्हवतं. तरी ऊस हालला. एका सरीतला हालला, मग दुसऱ्या. कुत्री भुकत व्हती ती एकदम गप झाली. आबा म्हणले, पळायचं न्हाय, बोलत बोलत मागं सरक. मला बोलायला काय आठवंना, म्हणून मी पाढं म्हणलं."

कुणी हसलं नाही. दोन आठवड्यांत त्याचा बिबट्या इतका लांब झाला होता, की त्याची भीतीच वाटेनाशी झाली होती. आत्ता, न दिसलेला, तो वर्गातून चालत गेला. संजीवनीच्या हातावर काटा आला, तिनं तो वल्लरीला दाखवला.

मग एकेक जण उठून सुतळीपाशी आला. संजीवनीनं त्यांच्या बांधावर चिखलात ठसे पाहिले होते, पण ठसे म्हणजे बिबट्या नव्हे, म्हणून ती 'पाहिला'च्या अलीकडंच थांबली. माऊली 'ऐकलं'पाशी गेला, आणि बाकीचा निम्मा वर्ग त्याच्यामागं. "माझं काकांनी ऐकलेलं मी ऐकलं," असं एकजण म्हणाला, तेव्हा सुतळी संपली होती. तो खिळ्यापाशी उभा राहिला. 'पाहिला' ह्या चिठ्ठीपाशी कुणीच नव्हतं.

"मग बिबट्या कुठल्या गोलात?" मागच्या बाकावरून मॅडमनी विचारलं.

दोन्ही रांगांनी एकमेकींकडं पाहिलं. वल्लरीला उत्तर येत नव्हतं. ती खडू घेऊन तशीच राहिली, आणि नेमक्या त्या वेळी अनय सर पुढं आले. त्यांनी वाकून अंथुर्ण्याच्या गोलातली चिठ्ठी उचलली. मध्ये ठेवली नाही. शेळगावच्या गोलातही ठेवली नाही. दोन्ही गोलांच्या बाहेर, मोकळ्या फरशीवर ठेवली.

"ही पण जागाच आहे," सर म्हणाले. त्यांचा आवाज नेहमीचा होता. "जे अजून कळलेलं नाही, ते इथं. आता मला सांगा, हे कळून घ्यायचं तर कुणाला विचाराल? आणि काय विचाराल?"

झालं, मासा पाण्यात पडला. मग सर होते आणि वर्ग होता, मॅडम आहेत हे दोघंही विसरले. पोरांनी प्रश्न काढले, वेडेवाकडे काढले, सरांनी ते सुतळीवर घातले, एक-दोन उत्तरं साफ चुकली आणि सरांनी ती पुसली नाहीत. वल्लरी कधीच जागेवर जाऊन बसली होती.

घंटा झाली. मॅडम उठल्या आणि फाइल काखेत मारून पुढं आल्या.

"सुरुवातीचा पाठ मी धरत नाही, अनय. तो तुमचा नव्हताच," त्या म्हणाल्या. "तुम्ही जिथं बाहेर जागा दिलीत, तिथून धरते. पास आहात. पण तिथवर पाठ तुमच्या विद्यार्थिनीनं नेला, ते लक्षात ठेवा." सरांनी मान खाली घातली आणि हो म्हणाले. मॅडमनी मग वर्गाकडं पाहिलं. "ती विहीर आणि शेततळ्याची तालीम कुणी घेतली होती?"

वल्लरी उठायला लागली, तोवर भिंतीकडून बाक सरकल्याचा आवाज आला.

"आमी समद्यांनी, मॅडम," ऋषिराज म्हणाला. "मीच आधी बोललो, म्हणून समदं इस्कटलं."

माऊली उभा राहिला. संजीवनी उभी राहिली. बघता बघता दोन्ही रांगा उभ्या, आणि ह्या वेळी कुणीच नंबर लावून दिलेले नव्हते. मॅडम हसू दाबत म्हणाल्या, की पुढच्या वेळी तालमीला निदान सरांना तरी बोलवा. आणि त्या गेल्या. त्यांना सोडायला सर फाटकापर्यंत जवळजवळ पळतच गेले.

वर्ग आवरायचं काम वल्लरी आणि ऋषिराजकडं आलं. दोघं नळीचे गोल उचलत होते.

"माझं वाक्य सगळ्यात शेवटी हाय, हे तू तालमीत सांगितलंच न्हवतंस," ऋषिराज म्हणाला.

"सांगितलं व्हतं. दोनदा."

"मी न्हाय ऐकलं."

"मग तुला नुसती चाहूल लागली आसंल," वल्लरी म्हणाली आणि गोल त्याच्या गळ्यात घातला.